रंग मारायच्या आधी पाणी कुठून येतंय ते बघा

आम्हाला येणारे निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात, भिंतीचे पोपडे निघालेत जरा रंग मारून द्या. मारून देऊ की, धंदाच आहे आमचा, पण आतली ओल तशीच ठेवून वर रंग मारला तर पोपडे परत येणार आणि तुमचा खर्च दोनदा होणार. सुरुवातीला आम्हीपण ही चूक केलीय, एका घरी बेडरूमची भिंत खरवडून पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन हात सगळं नीट केलं आणि 3 महिन्यांत भिंत परत फुगली, कारण पलीकडे बाथरूम होतं आणि तिथे डोकवायचं कुणाला सुचलंच नाही. ते काम मग फुकटात करून द्यावं लागलं. तेव्हापासून आधी पाणी शोधतो, मग ब्रश उचलतो.

यातलं बरंचसं शोधकाम तुम्ही घरच्या घरी करू शकता. सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा फोटो काढा, 1-2 तास कुणी पाणी वापरायचं नाही आणि मग आकडा बघा, पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळतंय. वर टाकी असेल तर मात्र मीटरवर विसंबू नका, टाकी भरत असली तरी आकडा सरकतो, त्यापेक्षा भरणं बंद करून रात्री टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी उठल्या उठल्या बघा.

फ्लश टँक हा छुपा चोर, आवाज न करता गळतो. टँकमध्ये खायच्या रंगाचे थोडे थेंब टाका आणि 20 मिनिटं फ्लश करू नका, कमोडमध्ये रंग उतरला म्हणजे आतलं रबर गेलं. तेवढंच बदलून मिळतं, आख्खा टँक बदला म्हणणाऱ्याला आधी कारण विचारा.

आता ओल. फूटभर लांबरुंद पारदर्शक प्लास्टिक घ्या आणि ओल्या भिंतीवर चारही कडांना टेप लावून घट्ट चिकटवा, 1-2 दिवस तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी साठलं तर ओल भिंतीतून येतीये, आणि खोलीकडच्या बाजूला थेंब धरले तर ती हवेतली वाफ आहे, तिथे वॉटरप्रूफिंगवर पैसे घालवण्यात काही अर्थ नाही, खिडकी उघडी ठेवा, एग्झॉस्ट फॅन लावा, कपाट भिंतीपासून जरा पुढे ओढा. भिंतीवर पांढरी पावडर दिसते ना, ती बुरशी नाही, क्षार आहेत, पाणी विटा-सिमेंटमधून येताना घेऊन येतं, स्वतः सुकून जातं आणि क्षार मागे राहतात. कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसलं की विरघळून परत आत जातात.

ओल फक्त पाऊस पडल्यावर वाढत असेल तर बाहेरच्या भेगा, खिडकीच्या कडा, गच्चीवरचे पाणी जायचे पाइप तुंबलेत का ते बघा. बाराही महिने सारखीच असेल तर पाइपवर संशय घ्या. आणि बाथरूमच्या मागची भिंत असेल तर पहिल्यांदा टाइल्सचे जॉइंट, लगेच फोडाफोडीला परवानगी देऊ नका (आम्हालासुद्धा). जुनं ग्राउट (टाइल्सच्या फटीत भरलेला मसाला) खरवडून नवीन भरणं हे कंटाळवाणं पण सगळ्यात स्वस्त काम आहे. सिलिकॉन लावायचं असेल तर जुनं पूर्ण काढा, जागा कोरडी करा आणि नंतर 24 तास पाणी लागू देऊ नका, जुन्यावर नवीन थापलं तर धरत नाही.

नळ ठिबकत असेल तर बहुतेक वेळा वॉशर. अँगल कॉक (बेसिनखालचा पाणी बंद करायचा छोटा नळ) बंद करा आणि बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, स्क्रू तिथेच पडतो, नेहमी.

प्लास्टरला भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख टाका. केसाएवढी असेल आणि महिनोन् महिने तेवढीच राहिली तर पुट्टी भरून टाका. वाढत असेल, किंवा दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जात रुंद होत असेल तर आमच्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, ते रंगाऱ्याचं काम नाही.

ओल्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर हे सगळं राहू द्या, त्या लाइनचा एमसीबी (वीज बंद करायचा मेन बोर्डातला स्विच) पाडा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एवढं बघून झाल्यावर फोन केलात तर सोबत प्लास्टिकचा, मीटरचा आणि भेगेचा फोटो पाठवा, काही वेळा तेवढ्यावरच सांगता येतं काय करायचं ते, आम्हाला यायचीही गरज पडत नाही.