मानद नाइटहूड : परदेशी उद्योगपतींना ब्रिटन किताब का देते?

टाटा सन्सचे अध्यक्ष एन. चंद्रशेखरन यांना ब्रिटनने फेब्रुवारी २०२५ मध्ये मानद नाइटहूड जाहीर केला. त्याच्या वर्षभर आधी तो भारती समूहाच्या सुनील मित्तल यांना मिळाला होता. रतन टाटांना २००९ मध्ये ‘केबीई’ हा नाइटहूड आणि २०१४ मध्ये त्याच्या वरचा ‘जीबीई’ मिळाला. अशी बातमी आली की आपल्याकडे लगेच नावाआधी ‘सर’ लावून अभिनंदनाचा वर्षाव सुरू होतो. पण या तिघांपैकी एकालाही ‘सर’ लावता येत नाही. तो मान ब्रिटनचा राजा ज्या देशांचा राष्ट्रप्रमुख आहे, त्या देशांच्या नागरिकांसाठी राखलेला आहे. इतरांना पदक मिळते आणि नावापुढे तीन अक्षरे लावता येतात. खांद्याला तलवार टेकवण्याचा विधीही त्यांच्यासाठी होत नाही.

निवडीची पद्धतही वेगळी आहे. ब्रिटिश नागरिकांचे किताब नववर्षाच्या आणि राजाच्या वाढदिवसाच्या यादीत येतात. परदेशी व्यक्तींची शिफारस परराष्ट्र खाते करते आणि त्यांची नावे त्या याद्यांत नसतात. किताब राजाच्या नावाने दिला जातो, पण कोणाला द्यायचा हे ठरते सरकारच्या परराष्ट्र धोरणातून. म्हणूनच या यादीत परदेशी कलावंत आणि संशोधकांबरोबर गुंतवणूकदारही दिसतात.

‘केबीई’ आणि ‘जीबीई’ ज्या सन्मानश्रेणीतले आहेत ती ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ पंचम जॉर्ज यांनी १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना स्थापन केली. पैसा आणि किताब यांचे नाते मात्र त्याहून कितीतरी जुने आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६११ मध्ये ‘बॅरोनेट’ हा वंशपरंपरागत किताब काढला तो उघड भाव लावूनच : १,०९५ पौंड, म्हणजे आयर्लंडमधल्या तीस सैनिकांचा तीन वर्षांचा खर्च. तीनशे वर्षांनी लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना तोच व्यवहार दलालांमार्फत चालू लागला. १९२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील खाणसम्राट जोसेफ रॉबिन्सन यांचे नाव उमरावपदासाठी पुढे आले. भागधारकांची फसवणूक केल्याबद्दल न्यायालयाने त्यांना मोठी भरपाई द्यायला लावली होती. संसदेत गदारोळ झाला आणि रॉबिन्सन यांना ते पद नाकारावे लागले. त्यातून १९२५ चा किताबांच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा आला. या व्यापारातला सर्वांत बदनाम दलाल मॉन्डी ग्रेगरी याला त्याखाली १९३३ मध्ये शिक्षा झाली.

या इतिहासाचे एक पान मुंबईचे आहे. १८४२ मध्ये जमशेटजी जिजीभाई हे ‘सर’ झालेले पहिले भारतीय ठरले. १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेटपदही मिळाले. ते ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे त्यांचा किताब मानद नव्हता, पण सत्तेने परक्या समाजातल्या धनिकाला जवळ कसे करायचे याचा वस्तुपाठ तिथे दिसतो. जमशेटजींचे दान खरे होते. जे. जे. रुग्णालय आजही गोरगरिबांवर उपचार करते. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीत होड्या उलटून माणसे बुडत, तरी सरकार तिथे रस्ता बांधायला पैसे देईना; तेव्हा त्यांच्या पत्नी अवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही अशी अटही घातली. पण जमशेटजींच्या संपत्तीचा मोठा भाग चीनला पाठवलेल्या अफूतून आला होता, आणि १८४२ हेच ब्रिटन आणि चीनमधले पहिले अफूयुद्ध संपल्याचे वर्ष. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय त्या किताबाची हकीकत पूर्ण होत नाही, असे मला वाटते.

अलीकडच्या काळातले सर्वांत बोलके उदाहरण जे. पॉल गेटी (धाकटे) यांचे. तेलसम्राटाच्या या अमेरिकी मुलाने १९८५ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीला पाच कोटी पौंड दिले. पुढच्याच वर्षी मानद नाइटहूड आला. १९९७ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले आणि त्यानंतर ते रीतसर ‘सर पॉल’ झाले. बिल गेट्स यांचा किताब जानेवारी २००४ मध्ये जाहीर झाला. दोनच महिन्यांनी युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला मक्तेदारीच्या गैरवापराबद्दल ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला. तेव्हा ब्रिटन युरोपीय संघातच होता. किताबाला त्याने बाधा आली नाही. मार्च २००५ मध्ये राणीने गेट्सना तो बकिंगहॅम राजवाड्यात दिला.

टाटांचे प्रकरण मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण त्यात कारखाने आणि कामगार आहेत. समूहाने २००० मध्ये टेटली ही चहा कंपनी, २००७ मध्ये कोरस ही पोलाद कंपनी आणि २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली. ब्रिटनमधल्या हजारो नोकऱ्या मुंबईतल्या निर्णयांवर अवलंबून राहू लागल्या. वेल्समधल्या पोर्ट टॅलबोट इथल्या टाटांच्या पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली. तिच्या जागी येणाऱ्या विद्युतभट्टीसाठी ब्रिटिश सरकार ५० कोटी पौंड देणार आहे. सॉमरसेटमध्ये टाटांचा चार अब्ज पौंडांचा बॅटरी कारखाना येतो आहे. किताब आणि हे करार यांत देवघेव झाली असे कोणी दाखवून दिलेले नाही, आणि तसे सुचवणे अन्यायाचे होईल. पण इतके मोठे हितसंबंध गुंतलेले असताना ‘व्यापारी संबंधांतील सेवेबद्दल’ एवढी एक ओळ पुरेशी नाही. शिफारशीमागची कारणे लोकांपुढे यायला हवीत.

दिलेला मान काढूनही घेता येतो. रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याचा किताब १९८९ मध्ये आणि झिम्बाब्वेचे अध्यक्ष मुगाबे यांचा २००८ मध्ये रद्द झाला. चित्रपट निर्माता हार्वे वाइनस्टीनचा मानद ‘सीबीई’ (नाइटहूडच्या खालची पायरी) २०२० मध्ये गेला. क्रिकेटप्रेमींना अमेरिकी धनाढ्य अॅलन स्टॅनफर्ड आठवत असेल. त्याचा किताब ब्रिटनचा नव्हे, अँटिग्वा आणि बार्बुडाचा होता, २००६ मधला. २००८ मध्ये तो लॉर्ड्सच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरला, नोटांनी भरलेली पेटी मांडली आणि दोन कोटी डॉलरचा सामना जाहीर केला. त्याच्या नावाआधी ‘सर’ होते आणि इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने त्याचे स्वागत केले. २०१२ मध्ये सुमारे सात अब्ज डॉलरच्या घोटाळ्यात त्याला ११० वर्षांची शिक्षा झाली. किताब त्याआधीच काढून घेतला होता. बुडालेल्या ठेवीदारांना त्याचा उपयोग नव्हता.

भारताच्या राज्यघटनेचा अनुच्छेद १८ नागरिकांना परदेशी सरकारचा किताब घ्यायला मनाई करतो. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत आणि ते नावाला जोडायचे नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात स्पष्ट केले. आपले सरकारही परदेशी उद्योजकांना गौरवते : सुझुकी मोटरचे ओसामू सुझुकी यांना २००७ मध्ये पद्मभूषण आणि २०२५ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण, तर फॉक्सकॉनचे यंग लिऊ यांना २०२४ मध्ये पद्मभूषण मिळाले. ब्रिटनला विचारायचा कारणांचा प्रश्न दिल्लीलाही तितकाच लागू आहे.