फाटकाआतली बीअर : गोव्यातील ब्रुअरी सहली, टेस्टिंग आणि वर्कशॉप यांची पार्श्वभूमी

‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी सिंधुदुर्गाच्या पानावर आली नाही असा आठवडा विरळा. इन्सुलीचा तपासणी नाका, टेम्पोत क्रेटखाली लपवलेले खोके, वाहनासह मुद्देमालाची किंमत, पुढील तपास सुरू. नाक्याच्या अलीकडे, गोव्यात, त्याच पुण्या-मुंबईकडची माणसे हल्ली पैसे भरून बीअरच्या टाक्यांभोवती फिरतात, छोट्या ग्लासांतून चवी घेतात आणि डोक्याला जाळीची टोपी लावून माल्ट (मोड आणून सुकवलेले जव) ढवळतात. सरहद्द ओलांडली की खात्याचे नावही बदलते. तिकडे ‘राज्य उत्पादन शुल्क’, इकडे अजून ‘अबकारी’.

हा अबकारी शब्द गोव्यात रुजला तो पोर्तुगीज-इंग्रज करारामुळे. 1878 च्या या कराराने ब्रिटिश हिंदुस्थानातली अबकारी पद्धत इथल्या माडांपर्यंत आणली आणि रेंदेरांच्या (माडी काढणाऱ्यांच्या) सुरेवर कराचे ओझे पडले. करार 1892 मध्ये संपला, शब्द राहिला. पुढे शेजारच्या मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि गोवा म्हणजे बाटली हे समीकरण तेव्हाच पक्के झाले. 1955 नंतरच्या आर्थिक नाकेबंदीत बटाटेसुद्धा हॉलंडहून येत होते, तिथे विलायती मद्याची काय कथा. 1961 नंतर हे सगळे बदलले, आणि 1964 मध्ये गोवा, दमण व दीवसाठी स्वतंत्र अबकारी कायदा झाला. आजच्या ब्रुअरी सहलीतला प्रत्येक घोट या कायद्याच्या चौकटीतच घेतला जातो. गोवा 1987 मध्ये राज्य झाले, चार्टर विमानेही त्याच सुमारास सुरू झाली, पण कायद्याचा सांगाडा तोच राहिला.

मुक्तीनंतरच्या दशकांत सासष्टीत आणि फोंड्याकडे बीअरचे कारखाने उभे राहिले. ‘किंग्ज’ बीअरची बुटकी बाटली गोव्याची ओळख बनली ती याच काळात. पण कारखाना बाहेरच्यांसाठी नव्हता. बीअर जिथे बनते तिथे ती शुल्क न भरलेली असते. शुल्क लागते ते माल फाटकाबाहेर निघताना, म्हणून अबकारीचा माणूस आवारातच बसतो आणि साठ्याची नोंद त्याच्या वहीत होते. अशा जागी पर्यटक म्हणजे नसती कटकट. आत जायला मिळायचे ते कॉलेजच्या पोरांना, औद्योगिक भेट म्हणून. सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गाबरोबर मीही एकदा अशा एका कारखान्यात गेलो होतो. बाटल्यांची रांग खणखणत पुढे सरकत होती, माल्टचा वास नाचणीच्या सत्त्वासारखा घरगुती आणि गोडसर होता. दीड तास यीस्टवर व्याख्यान झाले. शेवटी आमच्या हातात लिंबू सरबताचा प्लास्टिकचा पेला आला. त्या पेल्याचा राग बरीच वर्षे टिकला. आता कळते की तो देणारा माणूस आपली नोकरी सांभाळत होता.

तरीही ब्रुअरी सहल ही युरोपातून जशीच्या तशी उचललेली कल्पना आहे असे म्हणतात, ते मला अर्धेच पटते. गोव्यात दारू बनताना बघण्याची पद्धत आधीपासून होती, फक्त ती बीअरची नव्हती. मार्च ते मे या दिवसांत काजूच्या भट्टीवर कोणीही जाऊन उभे राहावे. खडकात कोरलेल्या खळग्यात बोंडू (काजूची फळे) तुडवले जातात, लगद्याच्या ढिगाला वेल गुंडाळून वर दगड ठेवला की थेंबथेंब निरो, म्हणजे रस, गळतो. तो आंबवून उकळला की पहिल्या वाफेची उराक, पुन्हा चढवली की फेणी. भट्टीवाला काचेची नळी द्रवात सोडून ग्राव (दारूची तीव्रता) मोजतो, उराक 14-16, फेणी 19-20, आणि करवंटीत ओतून म्हणतो, “बघ चव.” टेस्टिंगचे तिकीट नाही, पाहुण्यांच्या वहीत सही नाही. काजूची राने झोन पाडून अबकारी खाते लिलावात देते, भट्टीला हंगामी परवाना असतो, म्हणजे कायदा तिथेही होता. तो फक्त फाटक लावून बसला नव्हता.

या दोन जगांतली भिंत शब्दांत दिसते. गोव्यातल्या कुठल्याही बारवर परवान्याची पाटी वाचा: आयएमएफएल आणि सीएल, म्हणजे भारतीय बनावटीचे विदेशी मद्य आणि देशी दारू. गोव्यातल्या पाण्याने, उत्तर हिंदुस्थानच्या जवाने बनलेली बीअर पहिल्या, मानाच्या रांगेत. ब्राझीलहून आलेल्या काजूची फेणी दुसऱ्या. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला तरी कायद्यात ती ‘देशी’च होती. अखेर 2016 मध्ये अबकारी कायद्यात दुरुस्ती होऊन तिला ‘हेरिटेज स्पिरिट’चा दर्जा मिळाला. अनेकांना हा नुसता पाटीबदल वाटला. पण ‘देशी दारूची भट्टी’ बघायला पाहुणे आणणे आणि ‘वारसा पेयाची भट्टी’ बघायला आणणे यांत माहितीपत्रक छापणाऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक होता. हंगामातल्या फेणी सहली उघडपणे विकल्या जाऊ लागल्या. कुंकळ्ळीत सिंगल माल्ट बनवणाऱ्या डिस्टिलरीने पाहुण्यांसाठी दालन केले. 2021 मध्ये कांदोळीत फेणीला वाहिलेले संग्रहालय उघडले आणि त्याच वर्षी राज्याचे फेणी धोरणही आले.

बीअर या रांगेत उशिरा आली. पुण्यात 2009 मध्ये मायक्रोब्रुअरी (छोट्या प्रमाणावर बीअर बनवणारी जागा) सुरू झाली तेव्हा गोव्यात तिची कोणालाच निकड नव्हती. कारण साधे: इथे नेहमीची बीअर स्वस्त होती, समुद्र फुकट होता. 2018 मध्ये बार्देशातल्या एका छोट्या ब्रुअरीची आयपीए (हॉप्सने कडवट केलेली बीअर) बाजारात आली, 2020 मध्ये लाटंबार्सेहून आणखी एक नाव आले, किनाऱ्यावर काही ब्रूपबही (आपली बीअर तिथेच बनवणारे बार) उभे राहिले. या सगळ्यांपुढे एकच अडचण होती. शेजारच्या फडताळात कितीतरी कमी किमतीत थंड बाटली मिळत असताना ही कडू, गढूळ, महाग बाटली गिऱ्हाइकाने का घ्यावी? पुण्यात किंवा बंगळुरात दारूच महाग, तिथे क्राफ्ट, म्हणजे अशा छोट्या ब्रुअरीच्या बीअरचा फरक तितका डोळ्यांत येत नाही. गोव्यात येतो. म्हणून इथे बीअर विकण्याआधी ती समजावून सांगावी लागली, आणि सहल हा समजावण्याचा धंदा आहे. जो माणूस तासभर टाकीशेजारी उभा राहून हॉप्सची (बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची) गोळी बोटात चुरडून हुंगतो, तो बाहेर पडताना चार कॅन घेतो. एरवी एकही घेतला नसता.

एप्रिल 2017 चा धक्काही विसरता येत नाही. महामार्गापासून 500 मीटरच्या आत (20,000 पर्यंत वस्ती असलेल्या ठिकाणी 220 मीटर) मद्यविक्री नको, या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातली हजारो दुकाने आणि बार अडचणीत आले. मोजपट्ट्या घेऊन फिरणारे लोक मी पर्वरीत पाहिले आहेत. पुढे सवलती मिळाल्या, पण केवळ बारच्या फडताळावर विसंबू नये हा धडा नव्याने उतरणाऱ्यांनी घेतला असावा. 2020 च्या टाळेबंदीने तोच पुन्हा गिरवला. पाश्चराइज न केलेली बीअर केगमध्ये (पिंपात) किती दिवस थांबणार? बार बंद, पर्यटक नाही, टाकी भरलेली.

आता खरा गुंता. सहल म्हणजे बघणे, टेस्टिंग म्हणजे चाखणे, इथवर ठीक. ‘ब्रुइंग वर्कशॉप’ म्हणजे काय? परवान्याशिवाय दारू बनवणे हा गुन्हा आहे, मग ती विकायला असो की घरच्या दिवाळीला. परवाना असतो ब्रुअरीचा, शनिवारी सकाळी आलेल्या बारा हौशी लोकांचा नव्हे. त्यांनी पळी धरली तर बनवले कोणी?

याचे उत्तर कायद्याच्या कलमात शोधण्यापेक्षा पातेल्यात शोधलेले बरे. गेल्या पावसाळ्यात मी अशा एका वर्कशॉपला बसलो. वीस लिटरसाठी साधारण पाच किलो भरडलेले माल्ट, 66-67 अंशांचे पाणी, तासभर झाकण. (नाचणीला मोड आणून, सुकवून, दळून सत्त्व करणाऱ्या आजीला माल्ट म्हणजे काय हे शिकवायला नको, ती फक्त पुढची पायरी चढत नाही.) मग थेंबभर आयोडीन. निळे-काळे झाले तर पिष्ट शिल्लक आहे, अजून थांबा. आमचे पहिल्यांदा निळे झाले, कारण गप्पांच्या नादात पाणी गार झाले होते. दुसऱ्यांदा रंग बदलला नाही. गाळून घेतले, तासभर उकळले, कडवटपणाचे हॉप्स आधी, वासाचे शेवटी. जे तयार झाले त्याला वर्ट म्हणतात. आम्ही ते प्यायलो. गोड, गरम, किंचित कडू. त्यात मद्यार्क शून्य.

इथे माझ्या डोक्यात निरो आला. गोव्यात लहान मुलेही निरो पितात, कोणी आक्षेप घेत नाही. तोच रस दोन-तीन दिवस ठेवला की आंबतो आणि अबकारीच्या कक्षेत जातो. वर्ट हा जवाचा निरो. दारू पळीने बनत नाही, यीस्टने बनते. म्हणून वर्कशॉप घेणारे लोक अगदी त्या रेषेवर हात थांबवतात: उकळणे, गाळणे, हॉप्स टाकणे पाहुण्यांनी करायचे, गार केलेल्या वर्टमध्ये यीस्ट सोडायचे ब्रुअरीच्या माणसाने, परवाना असलेल्या आवारात, नोंद असलेल्या टाकीत. आठ-पंधरा दिवसांनी होणारी बीअर ब्रुअरीची, पाहुण्यांची नव्हे.

आमच्यातल्या एका कोल्हापूरच्या काकांना हे मुळीच मान्य नव्हते.

“म्हणजे आम्ही राबायचं आणि बीअर तुमची?”

“काका, घरी नेलीत तर तिकडे पेपरात काय लिहितील? रसायन जप्त!”

सगळे हसले, पण ब्रुअर खोटे बोलत नव्हता. महाराष्ट्रात हातभट्टीवर धाड पडली की बातमीत ‘इतके लिटर रसायन नष्ट केले’ असेच येते, आणि ते रसायन म्हणजे आंबवलेला, अजून न गाळलेला रस. बादलीत फसफसणारी बीअर त्याहून वेगळी नाही.

तेव्हा ‘आपली बीअर आपण बनवा’ ही जाहिरात जरा चढवून सांगितलेली आहे, असे माझे मत. तुम्ही वर्ट बनवता. काही जण यावर म्हणतात की ही रेष म्हणजे शब्दच्छल आहे, कायद्यातली ‘निर्मिती’ पहिल्या पायरीपासून सुरू होते आणि वर्टही दारूच्याच वाटेवरचा. त्यात तथ्य आहे. पण मग बोंडू तुडवायला भट्टीवर उतरलेल्या प्रत्येक पर्यटकाने निर्मिती केली असे होईल, आणि त्याचे फोटो तर सगळीकडे फिरत असतात.

टेस्टिंगचा गुंता त्यामानाने लहान. कारखान्यात दिलेला घोट हा नमुना की विक्री? सहलीच्या तिकिटात चार ग्लास धरले की फुकट म्हणणे अवघड जाते. सरळ मार्ग तोच, जो बहुतेक ठिकाणी दिसतो: टाक्या बघायच्या एका दाराने, चाखायचे दुसऱ्या दाराआड, जिथे पिण्यासाठी वेगळा परवाना आहे आणि तिथे आलेला माल शुल्क भरून आलेला आहे. पाहुण्याला मधली भिंत दिसते, तिचे कारण कोणी सांगत नाही. लाकडी फळीवरच्या चार-पाच छोट्या ग्लासांना ‘फ्लाइट’ म्हणतात. फिक्यापासून गडदाकडे, हलक्यापासून कडवटाकडे जायचे. मी एका ठिकाणी उलटी सुरुवात केली आणि नंतरची गव्हाची बीअर साबणाच्या पाण्यासारखी लागली. चूक माझी होती, पण फळी पुढे करणाऱ्याने अडवायला हवे होते.

जानेवारी 2023 पासून पेडण्यातल्या मोपा विमानतळावर विमाने उतरू लागली आणि पेडणे-बार्देशात येणारा पाहुणा किनाऱ्याआधी दुसरीकडे वळू शकेल इतका वेळ त्याच्या हाती आला. त्याच वर्षी बीअरवरचे अबकारी शुल्कही वाढले, स्वस्ताईचा फरक थोडा आटला. सहलींच्या जाहिरातीत आता मराठीही दिसते, ही नवी गोष्ट. घरच्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, हे ऐकून माहीत असलेले पुणेकर इथे मार्गदर्शकाला हटकून विचारतात की परवाना कुठे दाखवायचा. गोव्यात तो लागत नाही हे कळल्यावर आधी विश्वास बसत नाही, मग दुसरा ग्लास मागवला जातो.

आमचे वर्कशॉप दुपारी संपले. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) 1.050 दाखवत होता, तो 1.010 वर आला की मद्यार्क सव्वापाच टक्क्यांच्या आसपास होईल, असे ब्रुअरने फळ्यावर लिहिले. भट्टीवरची ग्राव मोजणारी नळी आणि ही नळी शेजारी ठेवली तर मावसबहिणी वाटतील. मागच्या दाराशी एक पिकअप लागली होती. दूधवाला पिळून झालेले माल्ट पोत्यांत भरत होता, अजून वाफा येत होत्या. म्हशी आवडीने खातात, तो म्हणाला, फक्त त्याच दिवशी घालावे लागते, दुसऱ्या दिवशी आंबते.

कोल्हापूरच्या काकांनी त्याच्याकडून मूठभर मागून घेतले, रुमालात बांधले, आणि गाडीत ठेवले.