आतले कोण, बाहेरचे कोण? नेटवर्कमधल्या भरवशाची पार्श्वभूमी

नव्या नेटवर्कची आखणी सुरू झाली की कागदावर आधी एक रेघ पडते. रेघेच्या अलीकडे आपलं, पलीकडे बाहेरचं आणि रेघेवर फायरवॉल, म्हणजे ये-जा तपासून अडवणारी चौकी. ही रेघ आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासूनच होती असं वाटावं. इंटरनेटचा पाया घालणाऱ्यांच्या नकाशावर मात्र ती नव्हती.

१९६९ च्या अखेरीस अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवर, चार ठिकाणं होती: कॅलिफोर्नियातली तीन आणि युटा विद्यापीठ. जोडलेली माणसं एकमेकांना नावानिशी ओळखत होती. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळाच होता: मधली यंत्रं किंवा तारा बंद पडल्या तरी संवाद चालू कसा ठेवायचा? एमआयटीच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ मध्ये या आखणीमागची उद्दिष्टं क्रमवारीने लिहून ठेवली. निरनिराळी नेटवर्कं जोडणं हा मूळ हेतू आणि त्याखाली सात मुद्दे. बिघाडातही संवाद टिकावा हा त्यांतला पहिला. वापराचा हिशेब ठेवता यावा हा सर्वांत शेवटचा. त्या सातांत सुरक्षेचं नाव नाही.

धोका कुणाला दिसलाच नव्हता, असं मात्र नाही. इथरनेटचे जनक बॉब मेटकाफ यांनी डिसेंबर १९७३ मध्येच आरएफसी ६०२ हे छोटंसं टिपण लिहिलं (नेटवर्कविषयीची क्रमांक दिलेली टिपणं म्हणजे आरएफसी). लोक स्वतःचं नाव, आद्याक्षरं, यंत्राचं नाव उलटं किंवा कीबोर्डवर ओळीने येणारी अक्षरं पासवर्ड म्हणून ठेवतात, अशी त्यांची तक्रार होती. (पन्नास वर्षं झाली, तक्रार तीच आहे.) लॉस एंजेलिसमधल्या शाळेतल्या दोन मुलांनी एका यंत्राचा मुख्य पासवर्ड मिळवला होता, हेही त्यात आहे. पण मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांनी सांगितलेलं पहिलंच कारण. संगणक खोलीत होता तोवर खोलीचं दारच कुलपाचं काम करत होतं. नेटवर्क आलं, दार निरुपयोगी झालं आणि सवयी मात्र खोलीच्याच राहिल्या.

पुढे त्या सवयी सॉफ्टवेअरमध्येच उतरल्या. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट टीसीपी-आयपी या संवादाच्या नियमांवर गेलं. त्याच वर्षीच्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये अशी सोय होती की, भरवशाच्या यंत्रांची नावं एका फायलीत लिहून ठेवायची, की तिथून येणाऱ्याला पासवर्ड विचारला जात नाही. कामाला सोयीचं होतं, यात शंका नाही. पण यंत्राची ओळख पटवायची कशावरून? पॅकेटवर, म्हणजे पाठवलेल्या माहितीच्या तुकड्यावर, लिहिलेल्या पत्त्यावरून. आणि पत्ता लिहितो कोण? पाठवणाराच. पाकिटामागे कुणाचंही नाव घालावं, तसं.

यातली फट बेल लॅब्स या अमेरिकी संशोधनसंस्थेत काम करताना रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने १९८५ मध्ये लिहून दाखवली. टीसीपी पाठवलेल्या माहितीला जे क्रमांक देतं ते अंदाजाने ओळखता आले, तर खोट्या पत्त्यावरूनही भरवशाचं यंत्र असल्याचं सोंग आणता येतं. याच मॉरिसने २ नोव्हेंबर १९८८ ला स्वतःची प्रत करत पसरणारा प्रोग्राम नेटवर्कवर सोडला. मेल पाठवणाऱ्या सेंडमेलमधली एक पळवाट, यंत्रावर कोण आहे हे सांगणाऱ्या फिंगर सेवेतली एक चूक, पासवर्डचे अंदाज आणि हीच भरवशाच्या यंत्रांची यादी, एवढ्या वाटांनी तो शिरत होता. एका यंत्रावर आधीच प्रत असली तरी सातातल्या एका वेळी तो नवी प्रत सुरू ठेवी, त्यामुळे यंत्रं गुदमरली. त्या वेळच्या अंदाजे ६०,००० यंत्रांपैकी ६,००० बाधित झाल्याचं सांगितलं जातं. हा आकडाही अंदाजाचाच. त्याच महिन्यात कार्नेगी मेलनमध्ये सर्ट ही मदत-यंत्रणा उभी राहिली.

पत्त्यावरून ओळख पटवू नका, हे स्टीव्हन बेलोविन यांनी १९८९ मध्ये सविस्तर मांडलं. तरीही २५ डिसेंबर १९९४ ला केव्हिन मिटनिक या हॅकरच्या प्रकरणात मॉरिसने दाखवलेली तीच युक्ती वापरली गेली. मॉरिसचा लेख छापून आल्याला तेव्हा नऊ वर्षं उलटली होती.

फायरवॉल या धास्तीतून आली. आधी फक्त पत्ता आणि पोर्ट (यंत्रावरच्या सेवेचा क्रमांक) पाहून पॅकेट अडवणारे राउटर होते. १९९० च्या दशकात चालू संभाषण लक्षात ठेवणाऱ्या फायरवॉल बाजारात आल्या. बेल लॅब्सचे बिल चेसविक यांनी १९९० मध्येच अशा रचनेला बाहेरून कडक आणि आतून मऊ गोळीची उपमा दिली होती. दोष उघड दिसत होता, पण हजार यंत्रं दुरुस्त करण्यापेक्षा एक दार राखणं स्वस्त पडत होतं.

ती रेघ आणखी ठळक झाली ती जवळजवळ अपघाताने. इंटरनेटवरच्या यंत्राचा पत्ता तेव्हा ३२ बिटांचा होता; त्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात आणि ते संपणार हे दिसू लागलं होतं. म्हणून १९९४ मध्ये नॅट आलं: आत खासगी पत्ते, बाहेर एकच सार्वजनिक. १९२.१६८ ने सुरू होणारे ओळखीचे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ मधले. बाहेरून आत आपणहून संभाषण सुरू करता येत नाही, हा नॅटचा निव्वळ दुष्परिणाम; लोकांनी त्यालाच संरक्षण मानलं.

आतली बाजू मात्र मऊच राहिली. दूरच्या यंत्रावर काम करू देणाऱ्या, पण पासवर्ड उघडा पाठवणाऱ्या टेलनेटला १९९५ मध्ये एसएसएचने पर्याय दिला, तो हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात तातू युलोनेन यांनी पासवर्ड-चोरीच्या घटनेनंतर लिहिला. वायफायने तर भिंतच विरघळवली. वायफायचं १९९७ चं वेप हे कूटलेखन २००१ पर्यंत फुटलं होतं. मग लॅपटॉप घरी गेले, सर्व्हर दुसऱ्याच्या इमारतीत गेले. २०१० मध्ये जॉन किंडरवाग यांनी झीरो ट्रस्ट हा शब्द रुळवला: आत आहे म्हणून कुणी आपलं होत नाही, प्रत्येक विनंती तपासा. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने त्याची रीतसर मांडणी ऑगस्ट २०२० मध्ये केली.

नेटवर्क-नेटवर्कांमधला जुना भरवसा मात्र बराचसा शाबूत आहे. कोणता पत्ता कुणाकडे, हे बीजीपी या १९८९ च्या प्रोटोकॉलने नेटवर्कं एकमेकांना सांगतात आणि मूळ रचनेत ते खरं धरलं जातं. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला दिलेला मार्ग बाहेर गळला आणि यूट्यूबची जगभरातली रहदारी सुमारे दोन तास तिकडे वळली. पत्त्याच्या मालकीवर सही करणारी आरपीकेआय ही व्यवस्था २०१२ पासून प्रमाणित आहे. पण ती सही तपासायची की नाही, हे प्रत्येक नेटवर्क आपापलं ठरवतं.