पाच झाले, आणि सहावा मोठा लागला तर? गळाच्या स्पर्धेतल्या मर्यादेची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात गळाच्या दोस्तीतल्या स्पर्धा आता काही नवीन राहिल्या नाहीत. वर्गणी काढायची, काठावरच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटायच्या, उजाडल्यापासून दुपारपर्यंत गळ, मग वजनकाटा, पहिल्याला रॉड नाहीतर रील आणि शेवटी सगळ्यांचं एकत्र जेवण. नियमांच्या कागदावर बहुतेक ठिकाणी एक ओळ असतेच, माणशी पाच मासे. भांडण होतं ते याच एका ओळीवरून. हा पाचाचा आकडा आला कुठून आणि तो पाळणं म्हणजे नक्की काय पाळणं, हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जुन्या काळात आपल्याकडं आकड्याची मर्यादा नव्हतीच. पहिल्या पावसात ओढ्यानं वर चढणारे चढणीचे मासे पोटात गाबोळी घेऊन यायचे आणि लोक ते धरायचे, कुणी मोजत नव्हतं, कारण घराला लागेल तेवढंच धरलं जायचं आणि साठवायची सोय पण नव्हती. इंग्रजांच्या काळात १८९७ चा मासेमारीचा कायदा आला, त्यात सुरुंगाच्या दारूचा बार उडवून आणि पाण्यात विष कालवून मासे मारायला बंदी होती, शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर २०० रुपयांपर्यंत दंड. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, किती असावा, एखादं पाणी काही काळ बंद ठेवावं का, हे ठरवायचा अधिकार सरकारला दिलेला. पण एका माणसानं गळानं किती धरावेत यावर त्या कायद्यात काही नाही. साहेब लोकांना वेड होतं महासीरचं, म्हणजे नदीतल्या मोठ्या, ताकदवान माशाचं, आणि तो काळ वजन करून भिंतीवर लावायचा. कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत १९४६ ला १२० पौंडाचा महासीर गळाला लागला, त्याची गोष्ट अजून सांगतात. किती सोडले हे सांगायची तेव्हा रीतच नव्हती.

१९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं, त्याचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे, ते इथं परत नको. माशांच्या बाबतीत त्यापेक्षा मोठी गोष्ट घडली ती एका वर्षानं. १० जुलै १९५७ ला ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांकडनं अंडी घालून घ्यायला यश आलं आणि रोहू, कटला, मृगळ यांचं बीज पाहिजे तेवढं तयार करायचा रस्ता मोकळा झाला. हे मासे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे, कृष्णेच्या खोऱ्यातले नव्हेत. पुढं ७० च्या दशकात घटप्रभेवर हिडकलचं ५१ टीएमसीचं धरण आणि मलप्रभेवर नवीलतीर्थचं धरण उभं राहिलं, आणि त्यात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडायला सुरुवात झाली. म्हणजे धरणातला जो कटला आपण स्पर्धेत काट्यावर ठेवतो तो बहुतेक वेळा कुणीतरी आणून सोडलेला असतो, त्या पाण्याचा ठेका किंवा परवाना मच्छीमार सोसायटीकडं असतो आणि त्यावर होडी आणि जाळं घेऊन पहाटे निघणाऱ्या माणसांचं घर चालतं. मर्यादेचा विचार करताना ही गोष्ट मला सगळ्यात आधी मांडावीशी वाटते, कारण स्पर्धेच्या कागदावर ती कुठंच नसते. आपण हौसेनं धरतो तो मासा दुसऱ्याच्या हिशोबातला असू शकतो.

आता पाचाचा आकडा. तो ना कर्नाटकाच्या कायद्यातनं आला ना महाराष्ट्राच्या. तो अमेरिकेतनं आला. १९६७ ला तिथं आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर विमा विकणाऱ्या एका माणसानं बास माशाची मोठी स्पर्धा भरवली आणि त्यातनं पुढं हा सगळा खेळ वाढला. सुरुवातीला मर्यादा मोठ्या होत्या, दिवसाला दहा-पंधरा मासे, आणि वजन झाल्यावर मेलेल्या माशांचे ढीग पडायचे. लोकांनी शिव्या घातल्या तेव्हा १९७२ च्या सुमारास त्याच माणसानं मासे मारू नका, जिवंत ठेवा आणि सोडा असा प्रचार सुरू केला. बोटीत पंप लावलेल्या पाण्याच्या टाक्या आल्या, मेलेला मासा आणला तर वजन कापायचा नियम आला आणि मर्यादा उतरत उतरत पाचावर आली. आपल्याकडं स्वस्त रील आणि यूट्यूब आल्यावर पोरांनी हेच व्हिडिओ बघितले, २०२० च्या लॉकडाऊननंतर तर काठावर नवीन चेहऱ्यांची लई गर्दी झाली, आणि पाचाचा आकडा जसाच्या तसा आला. टाकी आणि पंप मात्र आला नाही.

इथंच बदलीचा प्रश्न येतो. बदली म्हणजे पाच मासे जाळीच्या पिशवीत आहेत, सहावा मोठा लागला, तर पिशवीतला सगळ्यात लहान सोडायचा आणि मोठा आत घालायचा. अमेरिकेतल्या त्या स्पर्धांत हे उघडपणे चालतं, त्यासाठी माशांना रंगीत खुणा अडकवतात, कुठला लहान कुठला मोठा लगेच कळावं म्हणून. आपल्याकडं काही ग्रुप बदलीला मुभा देतात, काही देत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी नियमच लिहिलेला नसतो, मग काट्यापाशी आवाज चढतात.

बदलीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मी नीट ऐकलंय आणि ते काही वाईट लोक नव्हेत. ते म्हणतात मर्यादा घरी न्यायच्या माशांची आहे, धरायच्या माशांची नव्हे, शेवटी पाचच नेतोय की. दुसरं म्हणजे सोडलेला मासा डोळ्यासमोर शेपटी मारून खोल जातो, मग नुकसान कुणाचं? आणि तिसरं, जे मला खरंच वजनदार वाटतं, की बदली बंद केली तर लोक लपूनछपून करतील, त्यापेक्षा उघड केलेलं बरं.

पण काठावरची परिस्थिती बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अकरा-बारा वाजता उथळ पाण्यात जाळीची पिशवी पडलेली असते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाच्या पाण्यात साडेसातच्या आसपास, आणि काठाला तर चिखल ढवळलेला. त्यात पाच मासे एकमेकांवर घासून खवलं गळालेली, अंगावरचा बुळबुळीत थर गेलेला. तो थर म्हणजे माशाची रोगापासून राखण, कोरड्या हातानं किंवा टॉवेलनं पकडलं की तो निघतो आणि पुढं बुरशी धरते. असा तीन तास कोंडलेला मासा बदलीत सोडला की तो पोहत जातो हे खरं, पण दोन दिवसांनी कुठं असतो हे बघायला आपण नसतो. २००५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला होता, त्यात गळानं धरून सोडलेल्या माशांपैकी मरणाऱ्यांची सरासरी १८ टक्के निघाली, आणि गळ घशात खोल गेला असेल, पाणी गरम असेल तर जास्त. आपण कणकेचा गोळा आणि गांडूळ लावून बसतो, मासा आमिष गिळतोच, म्हणजे खोल गळाचा प्रकार आपल्याकडंच जास्त. मग ज्यानं सहा वेळा बदली केली त्यानं कागदावर पाच नेले, पण पिशवीतनं गेले अकरा. मर्यादा पाळली असं त्याला म्हणता येतं, तळ्याला म्हणता येत नाही.

दुसरं मला जास्त लागतं. बदलीत नेहमी लहान मासा परत जातो आणि मोठा राहतो, आणि मोठा मासा म्हणजे बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी. रोहूची मादी वजनाच्या किलोमागं लाखांच्या घरात अंडी देते. धरणातला कटला बोटुकलीवर चालतो असं म्हणून हा मुद्दा उडवता येईल, पण मरळ, वाम, शिवडा यांचं बीज फारसं कुणी आणून सोडत नाही. मरळीचं तर पावसाळ्यात बघा, लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर वर-खाली होत असतो आणि खाली मोठी मरळ राखण करत फिरते. त्या घोळक्यात गळ टाकला की ती भुकेनं नव्हे तर पिल्लांसाठी झडप घालते. असा मासा काट्यावर किती भरला याचं कौतुक होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

बदली बंद केली तर लोक लपूनछपून करतील, या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर अनुभवातनं एवढंच सापडलंय, की निर्णय पाण्याच्या काठावर, मासा ओल्या हातात असताना घ्यायचा. ठेवायचा नसेल तर तिथल्या तिथं सोड. पिशवीत गेला की तो तुझ्या पाचातला, परत नाही. आणि पाच झाले की गळ वर.

दोस्तीच्या स्पर्धेत अजून एक प्रकार होतो जो मोठ्या स्पर्धांत दिसत नाही, वाटून घ्यायचा. घरचीच माणसं शेजारी बसलेली, एकाचे पाच झाले, दुसऱ्याचे दोन. “भाच्याच्या नावावर घाल की गा, त्याचे दोनच झालेत.” यावर एक बारका पोरगा सगळ्यांसमोर बोलला होता, “मामा, माझ्या गळाला लागला न्हाई तो.” कुणी रागावलं नाही, पण मासा सोडला गेला. माणशी मर्यादा कुटुंबाच्या खात्यावर गेली की ती मर्यादाच राहत नाही, हे त्या पोराला समजलं होतं.

बक्षिसाचा पैसा वाढला की काय होतं ते २०२२ ला अमेरिकेतल्या लेक एरीवर दिसलं, माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरून वजन वाढवलेलं काट्यापाशी उघडं पडलं, दोघांनी पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला आणि त्यांना दहा दिवसांची कैद झाली. तिथं जिंकणाऱ्याची खोटं पकडायच्या मशीनवर तपासणी करतात. आपल्याकडं ना मशीन ना अधिकारी, शेजारी बसलेला दोस्त हाच काय तो साक्षीदार, आणि तोच आपल्याला सांभाळून घेणारा.

धरून सोडणं हेच सगळ्यांना मान्य आहे असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणीरक्षणाच्या नियमात सोडायच्याच हेतूनं गळ टाकायला मनाई झाली, म्हणजे खायचा नसेल तर माशाला त्रास देऊ नका असा विचार. आपल्याच राज्यात कावेरी अभयारण्यातले भीमेश्वरी, गलीबोरे, दोड्डमक्कळी हे महासीर धरून सोडायचे नावाजलेले कॅम्प, तिथं २०१० नंतरच्या काळात गळ बंद झाला कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात नुसतं पकडणं ही पण शिकारच. गळवाल्यांचं म्हणणं की आमच्या वर्दळीमुळं बार उडवणारे लांब राहायचे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण सोडतोय ना मग झालं, हे उत्तर तेव्हापासून पुरेनासं झालंय.

त्यात आपली सीमा. बेळगावचा माणूस सकाळी उठून चंदगड भागातल्या जंगमहट्टीला गळ घेऊन जातो, निपाणीवाल्याला वेदगंगा-दूधगंगेवर एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला कर्नाटक. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालत नाही, कायदे वेगळे, सोसायट्या वेगळ्या, म्हणून नियम कुणाचा असं विचारून हात झटकणं सोपं जातं.

गेल्या काही वर्षांत काही ग्रुपांनी वजनकाटाच काढून टाकलाय. ओल्या मोजपट्टीवर मासा ठेवायचा, लांबीचा फोटो, आणि अर्ध्या मिनिटात पाण्यात. आदल्या दिवशीचा फोटो खपू नये म्हणून सकाळी वाटलेली त्या दिवसाची चिठ्ठी फोटोत दिसावी लागते. जेवणाला मासे सोसायटीकडनं विकत घेतात. जुन्या लोकांना काट्याची मजा गेली असं वाटतं, आणि पाच ठेवायचे की एकही नाही यावर त्याच ग्रुपांत अजून एकमत नाही. जून ते ऑगस्ट स्पर्धा नको, चढणीच्या दिवसांत गळ नको, एवढ्यावर मात्र बदलीवाले आणि मोजपट्टीवाले दोघंही तयार आहेत.