फुफ्फुसाचा हिशोब हृदयाला लागू पडत नाही

नेरूळच्या माझ्या मावशीला दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, तेव्हा मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून धावत गेले. हॉस्पिटलच्या जिन्याशी काका उभे होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अगं, मागच्याच महिन्यात तिच्या छातीचा एक्स-रे काढला होता. फुफ्फुसं एकदम स्वच्छ आहेत म्हणाले."

मावशीने आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नाही. काका तीसेक वर्षांपासून ओढतात, आता दिवसाला चार-पाच, सिडकोच्या दोन खोल्यांच्या घरातल्या गॅलरीत. गॅलरीला ग्रिल, मध्ये सरकती खिडकी आणि खिडकीला लागून मावशीची टीव्ही बघायची खुर्ची. घरात धूर आहे याची काकांना टोचणी होतीच. म्हणूनच तो एक्स-रे त्यांच्या लेखी धुराची परीक्षा होता आणि मावशी त्यात पास झाली होती.

तिचा अटॅक काकांच्या सिगारेटमुळेच आला असं मी म्हणत नाही. तिला बीपी आहे, तिच्या आईलाही हृदयाचा त्रास होता, आणि एका माणसाच्या बाबतीत असं बोट ठेवून सांगता येत नाही. पण काकांचा जो समज होता तो मला त्यानंतर घरोघरी दिसला. धूर म्हणजे फुफ्फुस, फुफ्फुस म्हणजे खोकला नाहीतर कॅन्सर, आणि दुसऱ्याचा धूर म्हणजे त्यातला अगदी थोडा वाटा. थोडा धूर, थोडा धोका. फुफ्फुसाच्या कॅन्सरपुरता हा हिशोब ढोबळमानाने बरोबर आहे. हृदयाला तोच हिशोब लावला की फार मोठी चूक होते.

आकडे शेजारी ठेवून बघा. सिगारेट न ओढणाऱ्या, धुरातही न राहणाऱ्या माणसाचा धोका 100 धरू. स्वतः ओढणाऱ्याचा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका 1,500 ते 3,000 पर्यंत जातो. त्याच्या शेजारी बसणाऱ्याचा 120 ते 130. म्हणजे धूर किती कमी गेला आणि धोका किती कमी झाला, यांचा मेळ बसतो. आता हृदय घ्या. ओढणाऱ्याचा धोका 200 ते 400. शेजारी बसणाऱ्याचा 125 ते 130. शेजारच्याच्या अंगात जाणारा धूर हा ओढणाऱ्याच्या धुराच्या एखाद-दोन टक्क्यांएवढाच असतो. पण हृदयाच्या जादा धोक्यातला त्याचा वाटा मात्र दहाव्या हिश्श्यापासून थेट पाव हिश्श्यापर्यंत जातो. शंभरातला एक-दोन भाग धूर आणि पाव भाग धोका, हे गणित मला पहिल्यांदा वाचल्यावर पटलंच नव्हतं.

मावशीला मी ते दुधावरून सांगितलं. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा हिशोब रतिबासारखा. रोज किती लिटर आणि किती दिवस, तेवढं बिल. धुरातली रसायनं पेशींच्या जनुकांवर आघात करतात, काही आघात दुरुस्त होतात, काही राहून जातात, आणि वर्षानुवर्षं साठत गेले की कधीतरी एखादी पेशी बिघडते. हृदयाचा हिशोब विरजणासारखा. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं. चार चमचे घातले म्हणून चौपट दही लागत नाही, आणि एकच चमचा होता म्हणून दूध दूधच राहत नाही.

असं का होतं? आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक नाजूक अस्तर असतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यामुळे वाहिनी गरजेप्रमाणे सैल होते, जास्त रक्त जाऊ देते. रक्तात बिंबाणू असतात, डॉक्टर ज्यांना प्लेटलेट्स म्हणतात. एरवी ते मोकळे वाहत असतात आणि जखम झाली की एकमेकांना चिकटून गुठळी करतात. सिगारेटचा धूर या दोघांना एकदम बिघडवतो. अस्तर वाहिनीला सैल करायचं काम नीट करत नाही, आणि बिंबाणू जखम नसतानाच चिकट होतात. यासाठी फारसा धूर लागत नाही. थोड्याशा धुरातच हा बिघाड बराचसा होऊन जातो. त्यापुढे धूर कितीही वाढला तरी बिघाड त्या प्रमाणात वाढत नाही. त्यात कार्बन मोनॉक्साइडची भर. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो आणि हृदयाच्या स्नायूला मिळणारा ऑक्सिजन तेवढा कमी होतो. त्याला वासही नाही. अगरबत्ती लावून किंवा रूम फ्रेशनर मारून आपण फक्त नाकाची समजूत घालतो.

जपानमध्ये ओसाकाच्या संशोधकांनी 2001 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिगारेट न ओढणाऱ्या निरोगी तरुणांना 30 मिनिटं धुराच्या खोलीत बसवलं आणि त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या गरजेला किती जास्त रक्त पुरवू शकतात ते मोजलं. अर्ध्या तासात ही क्षमता रोज ओढणाऱ्यांच्या पातळीपर्यंत खाली आली. अर्धा तास, म्हणजे संध्याकाळची एक मालिका आणि तिच्यातल्या जाहिराती. मावशीची खुर्ची माझ्या डोळ्यांसमोरून तेव्हापासून हलत नाही.

ओढणाऱ्यांमध्येही हेच दिसतं. 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, रोज 20 ओढणाऱ्याच्या हृदयाला जेवढा जादा धोका, त्याच्या साधारण 40 ते 50 टक्के धोका रोज एकच ओढणाऱ्याला असतो. "मी आता पाचवर आणल्या" हे काकांचं सांगणं फुफ्फुसासाठी खरंच कामाचं आहे. हृदयासाठी त्याचा फायदा त्या मानाने बराच कमी, मग ते हृदय काकांचं असो वा मावशीचं.

दोन्ही अवयवांचं घड्याळही वेगळं चालतं. कॅन्सर यायला दशकं लागतात आणि सिगारेट सोडल्यावर त्याचा धोका निम्म्यावर यायलाही दहाएक वर्षं जातात. हृदयाचा बिघाड मिनिटांत सुरू होतो, पण उतरतोही लवकर. सोडल्यावर वर्षभरात जादा धोका निम्म्याच्या आसपास येतो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या हेलेना या छोट्या शहराने 2002 मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपान बंद केलं. पुढच्या सहा महिन्यांत तिथल्या हॉस्पिटलमध्ये हार्ट अटॅकचे रुग्ण सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले आणि बंदी स्थगित झाल्यावर पुन्हा वाढले. शहर लहान, रुग्णांची संख्या लहान, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा धरू नये. मोठ्या शहरांत आणि देशांत ही घट बरीच कमी दिसली. पण दिसली. कॅन्सरच्या बाबतीत सहा महिन्यांत असं काही दिसणं शक्यच नाही.

आणि माणसं कशाने जातात? 2004 या वर्षासाठी जगभराचा अंदाज काढला गेला तेव्हा दुसऱ्याच्या धुरामुळे झालेले मृत्यू 6 लाख 3 हजार निघाले. त्यातले 3 लाख 79 हजार हृदयविकाराचे. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे 21 हजार 400. उरलेल्यांत बहुतेक श्वसनमार्गाच्या जंतुसंसर्गाचे, आणि त्यात लहान मुलं फार. आपण ज्याला घाबरतो आणि ज्याने माणूस खरोखर जातो, त्यांच्यात सतरा-अठरा पटींचा फरक आहे. हृदयविकार मुळातच खूप जणांना असतो, त्यामुळे त्याचा धोका पाव हिश्श्याने वाढला तरी माणसं कितीतरी जास्त जातात.

फुफ्फुस निदान तक्रार करतं. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दमेकरी माणूस उठून दुसऱ्या खोलीत जातो. वाहिनीचं अस्तर गप्प राहतं. "मला कुठे खोकला आहे?" असं मावशी कितीतरी वर्षं म्हणत होती आणि ते खरंच होतं.

घोडबंदर रोडला राहणारी माझी मैत्रीण म्हणते, इथे दिवसभर डंपरचा धूर खातोय, त्यात एका सिगारेटचं काय घेऊन बसलीस? तिचा त्रागा मला कळतो. पण डंपरच्या धुरातले बारीक कणही याच अस्तराला आणि याच रक्ताला त्रास देतात. रस्त्यावरचा धूर भोगावा लागतो म्हणून बंद खोलीतला चालेल, असं होत नाही. उलट आधीच त्रासलेल्या वाहिन्यांवर ती भर पडते.

आपल्या राज्यात तंबाखू म्हटलं की मशेरी, गुटखा, मळलेली तंबाखू हेच आठवतं, आणि ते साहजिक आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले, धूरविरहित तंबाखू खाणारे 24.4 टक्के. त्याच पाहणीत देशभरातल्या 38.7 टक्के प्रौढांनी घरात दुसऱ्याचा धूर सोसतो असं सांगितलं. कायदा सार्वजनिक जागेचा आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून ऑफिस, हॉटेल, थिएटर अशा ठिकाणी ओढणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड आहे. घराच्या दाराशी तो थांबतो. दाराच्या आत बोलायचं काम आपल्यालाच करावं लागतं, आणि जिथे कुणाची अँजिओप्लास्टी झाली आहे, स्टेंट बसला आहे, तिथे ते सगळ्यात आधी करायला हवं. अशा माणसाच्या वाहिन्यांना थोड्या वेळाचा धूरही महागात पडू शकतो. खिडकी उघडून, पंखा लावून तो पुरेसा जात नाही.

ओपीडीच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, "तंबाखू, सिगारेट: हो / नाही." मावशीने दर वेळी "नाही"वर खूण केली होती. घरात दुसरं कुणी ओढतं का, हे तिथे विचारलेलं नव्हतं आणि आपणहून सांगावं असं तिलाही कधी वाटलं नव्हतं. मागच्या तपासणीला मी सोबत होते. डॉक्टरांनी औषधं लिहून कागद पुढे केला तेव्हा मावशी म्हणाली, "डॉक्टर, मी ओढत नाही, पण आमच्या घरात धूर असतो." काका शेजारीच बसले होते. डॉक्टरांनी कागद परत ओढून घेतला, एक ओळ वाढवली आणि काकांकडे बघून विचारलं, "तुम्ही कुठे ओढता?"

"गॅलरीत," काका म्हणाले. मग जरा थांबून, "खिडकी उघडी असते."