खिडकीपासून किती लांब?

लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन नावाचं उपनगर आहे. १९५६ साली तिथल्या कॉर्पोरेशनने संसदेकडून आपल्यापुरता खास कायदा मंजूर करून घेतला आणि पुढच्या दशकात तिथे ऑफिसांच्या उंच इमारतींची रांगच लागली. कालांतराने कंपन्या हलल्या, मजलेच्या मजले ओस पडले. घरांची टंचाई तर होतीच. ३० मे २०१३ पासून इंग्लंडच्या सरकारने मुभा दिली, की ऑफिसाची घरं करायची असतील तर नेहमीची पूर्ण नियोजन परवानगी लागणार नाही.

सांगाड्याच्या दृष्टीने हे अगदी शक्य आहे. ब्रिटनमध्ये ऑफिसचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २५० किलो वजन धरून आखतात, घराचा १५० किलो धरून. म्हणजे माणसं, पलंग, कपाटं यांचा भार तो सहज पेलतो. नळकाम जास्त छळतं. ऑफिसात सगळी स्वच्छतागृहं लिफ्टच्या शेजारी एकत्र असतात. घरं केली की प्रत्येकाला आपली मोरी, आपला संडास हवा. सांडपाण्याच्या पाइपाला चाळिसात एक असा उतार धरला, तर सहा मीटर लांबीत तो १५ सेंटिमीटर खाली येतो. सुदैवाने ऑफिसचे मजले उंच असतात आणि फॉल्स सीलिंगवर एसीचे डक्ट जायचे त्या पोकळीत हे पाइप मावतात. मात्र स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असतील, तर भोक पाडण्याआधी त्या कुठून गेल्यात हे यंत्राने तपासावंच लागतं. एक तार जरी तुटली तरी तिचा ताण जातो आणि स्लॅबची ताकद घटते.

खरी अडचण उजेडाची.

खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड आत पोचतो, असा वास्तुरचनाकारांचा ढोबळ आडाखा आहे. कड २.७ मीटरवर असेल तर साडेपाच ते पावणेसात मीटर. त्यापुढे बसलेल्या माणसाला आभाळाचा तुकडाही दिसेनासा होतो आणि त्याच्या वाट्याला भिंती-छतावरून उसळून आलेला उरलासुरला प्रकाश येतो. ट्यूबलाइट आणि एसी आल्यावर ऑफिसवाल्यांनी खिडकीची फिकीर सोडली. त्यातून उपनगरात जमीन स्वस्त, त्यामुळे तिथल्या अनेक इमारती वर न चढता आडव्या पसरल्या. तीस मीटर रुंद मजला घ्या. दोन्ही बाजूंचे सात-सात मीटर सोडले, तर मध्ये सोळा मीटरचा काळोखा पट्टा उरतो. बाथरूम, कपाटं, जिना आत ढकलून ढकलून किती ढकलणार? मग एकतर मधला भाग कापून वाड्यासारखा चौक काढायचा आणि तेवढं क्षेत्रफळ गमवायचं, नाहीतर लोकांना अंधारात झोपवायचं. गंमत म्हणजे, साठच्या दशकातल्या ज्या अरुंद, ठोकळेबाज इमारतींना लोक नाकं मुरडतात, त्यांचीच घरं बरी होतात.

इंग्लंडच्या त्या मुभेत उजेडाची आणि आकाराची अटच नव्हती. मग व्हायचं तेच झालं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे बेन क्लिफर्ड आणि सहकाऱ्यांनी सरकारसाठी केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मुभेखाली झालेल्या घरांपैकी फक्त २२.१ टक्के घरं आकाराच्या राष्ट्रीय मानकात बसत होती. रीतसर नियोजन परवानगी घेतलेल्यांत हेच प्रमाण ७३.४ टक्के होतं. मुभेखालच्या जवळपास तीन-चतुर्थांश घरांना खिडक्या एकाच बाजूला, म्हणजे वारा आरपार जाण्याची सोय नाही. हार्लो गावातल्या टर्मिनस हाउस या चौदा मजली जुन्या ऑफिसात काही घरं १८ चौरस मीटरची निघाली. हिशोब आपल्या भाषेत करायचा तर साधारण १९५ चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराला ३०० चौरस फुटांचा नियम आहे. श्रीमंत देशाने इतकं खाली उतरायला नको होतं, असं मला वाटतं. पुढे सरकारला जाग आली. ऑगस्ट २०२० पासून राहत्या खोल्यांत नैसर्गिक उजेड सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२१ पासून किमान ३७ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ४०० चौरस फूट.

असा उद्योग नीट केला तर फायदा मोठा आहे. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के, आणि सांगाडा राखला की नवं सिमेंट-पोलाद बरंच वाचतं. वॉशिंग्टनचं उपनगर असलेल्या अलेक्झांड्रियात दोन ऑफिस टॉवरचे ४३५ फ्लॅट झाले. टॉवरचा घाट सोयीचा असला की हे जमतं. पसरट इमारतीभोवती बहुधा गाड्या लावायची भलीमोठी जागा असते. काही वेळा आतल्या अंधाराशी झुंजण्यापेक्षा त्या डांबरावर नवी, सडपातळ इमारत उभी करणं अधिक शहाणपणाचं ठरतं.