"गुळानं शुगर वाढत नाही" हे खरं नाहीय
आमच्या लातूरकडं जेवण झालं की डब्यातून गुळाचा खडा तोंडात टाकायची सवय घरोघरी हाय, आणि कुणी टोकलं की एकच उत्तर, साखर वाईट, गूळ नैसर्गिक, त्यानं शुगर वाढत नसती. माझी आत्या पण हेच म्हणायची, डायबिटीस असून चहात गूळ आणि दुपारी वरून लिंबाएवढा खडा, मग रिपोर्ट वाढून आला की नावं गोळ्यांना.

अहो पण गूळ म्हणजे उसाचा रसच ना! गुऱ्हाळावर जाऊन बघा, काहिलीत रस उकळतेत, वरची मळी काढतेत, पाणी उडून जातं आणि खाली राहती ती बहुतेक साखरच. लोह वगैरे थोडं जास्त असतं हे मान्य, पण त्यासाठी गूळ खायचा म्हणलं तर लई खावा लागंल. 10 ग्रॅम गुळात साधारण 38 कॅलरी, तेवढ्याच साखरेत 40, एवढाच फरक.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलंय की अशी साखर दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 5 टक्क्यांच्या आत आणली तर अजून चांगलं, म्हणजे अंदाजे 25 ग्रॅम, सहा चमचे. गूळ, मध, चहातली साखर सगळं त्यातच धरायचं.

येळवशीला शेतात खीर खा की, सणाचं सणाला. रोजच्याला पेरू, बोरं बरी, त्यात चोथा तरी असतो. आणि ज्यांना शुगर हाय त्यांनी गूळ साखरेसारखाच मोजा, प्लीज.